बर्फाच्या पाण्याचा थाट

श्रीमंतीची एक पंचाईत असते. ती दिसावी लागते. तिजोरीत कुलूपबंद केलेल्या श्रीमंतीने आपली झोप उडते, शेजाऱ्याची उडत नाही. मग तिचा उपयोग काय? म्हणून माणसाने दागिने घडवले, दारात गाडी उभी केली, दिवाणखान्यात न वाचलेले ग्रंथ कातडी बांधणीत लावले. या सगळ्यात एक सोय आहे. पाहुणे येईपर्यंत ते टिकतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मध्यमवर्गाच्या नशिबी मात्र मिरवायला अशी चीज आली, की पाहुणा टोपी खुंटीला अडकवून बसेपर्यंत ती निम्मी झालेली असायची. ती चीज म्हणजे बर्फ.

अमेरिकन माणूस चिकाटीचा. त्याने या वितळणाऱ्या श्रीमंतीला एक न वितळणारी काया करून दिली. दुहेरी भिंतीची, चांदीचा मुलामा दिलेली, नक्षीदार चौकटीत टांगलेली, बर्फाच्या पाण्याची झारी. पन्नासएक वर्षं ही झारी तिकडच्या बाळसेदार घरांतून दिमाखात डुलत होती. आज ती जुन्या वस्तूंच्या दुकानात, बिनकाट्यांचं घड्याळ आणि कुणाच्या तरी आजोबांचा टाइपरायटर यांच्यामध्ये उभी असते.

अशाच एका दुकानात, कनेटिकटमध्ये, ती आम्हाला भेटली. आमची लेक आणि जावई तिथे राहतात. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले की शनिवार-रविवारी त्यांचं करायचं काय, या प्रश्नाला तिकडे दोनच उत्तरं आहेत. एक देऊळ, दुसरं जुन्या वस्तूंचं दुकान. देवळात पार्किंग मिळालं नाही.

"अहो, हे देवाचं काहीतरी दिसतंय," ही म्हणाली.

तिचं चूक नव्हतं. खाली चार पायांचा नक्षीदार चौरंग. त्यावरून दोन बाजूंनी वेलबुट्टीचे दोन खांब वर गेलेले. त्या खांबांच्या मधोमध, दोन खिळींवर, पाळण्यात घातल्यागत एक पोटुशी झारी. चौरंगावर पुढे एक उंच पेला आणि दुसऱ्या पेल्याची रिकामी जागा. बाजूला एक वाटी. झारीच्या झाकणावर एक पांढरं अस्वल, चारी पायांवर, तोंड वर करून. एकूण उंची दीड फुटाच्या वर. घंटा तेवढी नव्हती.

लेकीने चिठ्ठी वाचून सांगितलं, "आई, हे पाणी प्यायचं आहे."

"एवढं? आणि ही वाटी?"

"पेल्यात उरलेलं पाणी ओतायला."

"म्हणजे उष्ट्यालासुद्धा चांदी!" ही म्हणाली, आणि तिच्या आवाजात निषेध किती आणि कौतुक किती हे मला तेहेतीस वर्षांच्या संसारानंतरही सांगता येणार नाही.

मी झारीच्या मुठीला बोट लावलं. एवढं अवजड धूड, पण नुसत्या बोटाने पुढे कललं. उचलायचं नाही, पेला चोचीखाली धरायचा आणि झुकवायचं. दुकानदारीणबाईंनी सांगितलं की बर्फ आणि पाणी भरल्यावर ही उचलणं बायकांना जड जायचं, म्हणून ही व्यवस्था. मी मनातल्या मनात क्रम लावून पाहिला. पाणी गार राहावं म्हणून भांडं दुहेरी केलं. दुहेरी केलं म्हणून ते जड झालं. जड झालं म्हणून उचलवेना. उचलवेना म्हणून पाळणा केला. पाळणा केला म्हणून ते जेवणाच्या टेबलावर मावेना. मावेना म्हणून भिंतीकडेला त्याला वेगळं मेज दिलं. आणि आता तहान लागलेल्या माणसाने जेवणावरून उठून त्या मेजापाशी जायचं. इतकं केल्यावर तहान लागणं भागच होतं.

हे सगळं ज्याच्यासाठी, त्या बर्फाची कथा बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरपासून सुरू होते. हिवाळ्यात तळी गोठतात, बर्फ फुकट पडलेला असतो, आणि जगात उकाड्याने हैराण झालेली माणसं भरपूर आहेत, एवढ्या भांडवलावर त्याने 1806 मध्ये एक जहाजभर बर्फ कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला. बॉस्टनकरांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला. पण बर्फ विकायचं त्याने सोडलं नाही. बर्फाभोवती लाकडाचा भुसा भरला की तो फार सावकाश वितळतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि लाकडाच्या गिरण्यांना हा भुसा कुठे टाकावा याचीच चिंता होती. म्हणजे तळ्यातला बर्फ फुकट, गिरणीतला भुसा जवळपास फुकट, आणि हिंदुस्थानातला उकाडा तर पिढ्यान्‌पिढ्या फुकट. या तीन फुकट गोष्टींवर ट्यूडर 'बर्फाचा राजा' झाला.

1833 मध्ये त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. पोहोचला तेव्हा त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. आमच्या कॉलनीत कोपऱ्यावरून आणलेली कुल्फी तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत काडीला सोडचिठ्ठी देते, त्या मानाने हे काम मोठंच म्हणायचं.

पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, बर्फ मुंबईला आला. त्या नवलाईच्या दिवसांत जमशेटजी जीजीभाईंनी आपल्याकडच्या मेजवानीत आइसक्रीम ठेवलं, आणि नंतर यजमान आणि पाहुणे सगळ्यांनाच सणसणीत सर्दी झाली, असं 'मुंबई समाचार'ने छापल्याचं सांगतात. ही हकीकत मी हिला वाचून दाखवली, ही माझी मोठी देणगी म्हणायला हवी. कारण 'बर्फाने घसा धरतो' हे मत आमच्या घरात इतके दिवस नुसतं मत होतं. आता त्याला वर्तमानपत्राचा आधार मिळाला, आणि तोही जवळजवळ दोनशे वर्षांचा.

"बघ," ही लेकीला म्हणाली, "पेपरात आलं होतं."

अमेरिकन माणसाला हे कुणी सांगितलं नसावं. त्याने बर्फ घरात घेतला तो कायमचा. हिवाळ्यात घोड्यांनी ओढायचे नांगर गोठलेल्या तळ्यांवर फिरू लागले, चौकोनी लाद्या निघू लागल्या, भुशात गाडल्या जाऊ लागल्या. शहरांतून बर्फवाल्याची गाडी दारोदार येई. घरच्या बाईने खिडकीत पत्ता लावायचा, 25 पौंड की 50 पौंड; बर्फवाला मोठ्या चिमट्याने लादी उचलून, खांद्यावर कातडं टाकून, थेट स्वयंपाकघरापर्यंत पाणी ठिबकत आणून टाकी. हे सगळं झालं मागच्या दारी. पुढच्या दारी बसलेल्या पाहुण्याला यातलं काय दिसणार? तिथे झारीची गरज पडली.

बाल्टिमोरच्या जेम्स स्टिम्पसनने दुहेरी भिंतीच्या झारीचं पेटंट घेतलं ते 1854 मध्ये. युक्ती साधी होती. भांड्यात भांडं, दोहोंमध्ये हवा. बाहेरची उष्णता हवेत अडते, आत बर्फ तासन्‌तास राहतो. शिवाय बाहेरच्या भिंतीला घाम येत नाही, म्हणजे मेजावर ओलं वर्तुळ उमटत नाही. ओल्या वर्तुळाबद्दल जगातल्या सगळ्या गृहिणींचं मत एकच आहे, त्यामुळे पेटंट चाललं.

त्याच 1854 साली, त्याच देशात, हेन्री डेव्हिड थोरो या गृहस्थाचं 'वॉल्डन' प्रसिद्ध झालं. तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत दोन वर्षं राहून माणसाला जगायला किती कमी लागतं हे त्याने त्यात लिहिलं. एका माणसाने सांगायचं की गरजा कमी करा, आणि दुसऱ्याने त्याच वर्षी साध्या पाण्याच्या भांड्याला दुसरं भांडं घालायचं! गिऱ्हाइकं कुणाला जास्त मिळाली हे सांगायला नको. गंमत म्हणजे थोरोच्या तळ्यावरही बर्फ कापणारे येऊन गेले होते. त्यांच्याकडे पाहत त्याने मोठा सुरेख विचार मांडला आहे. आपण सकाळी भगवद्‌गीता वाचतो, आणि आपल्या तळ्याचं पाणी बर्फ होऊन मद्रास, मुंबई, कलकत्त्याच्या माणसांच्या घशाखाली उतरतं. म्हणजे वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळलं. हा व्यवहार पुढे पुराही झाला. मद्रासच्या समुद्रकिनारी बर्फ साठवायला जी वखार बांधली होती, तिच्यात 1897 मध्ये अमेरिकेहून परतलेले स्वामी विवेकानंद येऊन राहिले. तिकडचा बर्फ जिथे उतरवून घेतला, तिथेच तिकडे वेदान्त पोहोचवून आलेले स्वामी उतरले. आयात-निर्यातीचा हिशेब इतका चोख क्वचितच जुळतो.

असो. झारीकडे येऊ. तिच्या अंगावरच्या चांदीबद्दल थोडं जपून बोलायला हवं, कारण ती थोडीच आहे.

1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. सायनाइडच्या द्रावणात भांडं टांगायचं, समोर चांदीची पट्टी टांगायची आणि वीज सोडायची. पट्टीवरची चांदी सुटून भांड्यावर बसते, ज्याला जितकी परवडेल तितकी. अमेरिकेत हा धंदा कनेटिकटने उचलला. हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनी 1847 मध्ये, आणि जवळच्या मेरिडन गावात 1852 मध्ये निघालेल्या मेरिडन ब्रिटानिया कंपनीने तो इतका वाढवला की मेरिडनला लोक 'सिल्व्हर सिटी'च म्हणू लागले. मी ते नाव ऐकून मोठ्या अपेक्षेने गेलो. गाव चांगलं आहे. चांदी कुठे दिसली नाही, पण ती त्यांच्या भांड्यांतही शोधावीच लागते.

मुलाम्याच्या खाली असतो ब्रिटानिया धातू. नाव भारदस्त आहे, पण त्यात नव्वद टक्क्यांवर कथील, थोडं अँटिमनी आणि चिमूटभर तांबं. म्हणजे पाहा, आपल्याकडे कल्हईवाला तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथील लावत गल्लोगल्ली हिंडत होता, की जेणेकरून आंबट वरण कळकू नये. त्याच काळात तिकडे कथलाच्या भांड्याला बाहेरून चांदी लावत होते, की जेणेकरून शेजारीण कळकावी. कथील तेच. आपण ते पोटासाठी आतून लावलं, त्यांनी ते लपवायला वरून चांदी लावली.

झारी उलटी करून पाहिली तर तळावर कंपनीच्या शिक्क्याशेजारी 'क्वाड्रुपल प्लेट' असं कोरलेलं. चौपट मुलामा. कशाच्या चौपट, ते कोरलेलं नव्हतं.

तिच्या पोटावर मात्र बरंच कोरलेलं होतं. सुंदर वळणदार अक्षरांत कुणा दांपत्याची आद्याक्षरं आणि लग्नाची तारीख. या झाऱ्या लग्नात दिल्या जात, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिल्या जात, निवृत्त होणाऱ्या पाद्रीबाबांना दिल्या जात. ते पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्या घरातलं एकही स्टीलचं पातेलं निनावी नाही. टिंबाटिंबांच्या अक्षरांत 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्याचं संपूर्ण नाव, बहुधा देणाऱ्याच्या ऐपतीपेक्षा मोठ्या अक्षरांत. भेट परत फिरवता येऊ नये आणि देणारा विसरला जाऊ नये, हा दुहेरी बंदोबस्त दोन्ही खंडांनी आपापल्या बुद्धीने शोधून काढला, आणि एकमेकांकडून उसना घेतला नाही, याचा मला मानवजात म्हणून अभिमान वाटला.

आता ते अस्वल. झाकणावर अस्वल का? तर त्या काळात अमेरिकेला ध्रुवप्रदेशाचं वेड लागलं होतं. एलिशा केंट केन हा डॉक्टर 1853 मध्ये उत्तरेकडे गेला, बर्फात जहाज अडकून दोन हिवाळे काढले, जहाज सोडून हालअपेष्टा सोसत 1855 मध्ये परतला आणि त्यावर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं. पुस्तक घरोघरी गेलं. मग 1867 मध्ये अमेरिकेने रशियाकडून 72 लाख डॉलरला अलास्का विकत घेतलं. विरोधकांनी त्याला परराष्ट्रमंत्री सुअर्डची बर्फाची पेटी म्हणून हिणवलं. कारागिरांनी ती थट्टा मनावर घेतली नाही, ऑर्डर म्हणून घेतली. चांदीच्या भांड्यांच्या कडांना चांदीचे बर्फकांडे लोंबू लागले, मुठींवर अस्वलं बसली, पोटावर वॉलरस पहुडले. आत तोळाभर बर्फ शिल्लक असला तरी बाहेर ध्रुवप्रदेश बारमाही. बर्फ संपल्यावरसुद्धा पाहुण्याला गार वाटावं, अशी ही सोय. केनच्या जहाजावरच्या भुकेल्या माणसांनी अस्वल मिळालं तर ते शिजवून खाल्लं असतं. त्याच्याच पुस्तकाचे वाचक त्याला बोटाने पुढे झुकवून पाणी पीत होते.

या थाटाला नीतीचाही पाठिंबा होता. दारूविरोधी चळवळ जोरात होती. 1874 मध्ये तिकडे ख्रिस्ती महिलांची दारूबंदी संघटना उभी राहिली. आता दारू पाजणाऱ्या यजमानाकडे कापलेल्या काचेच्या सुरया, नक्षीदार पेले, सगळा सरंजाम. आणि पाणी पाजणाऱ्या सज्जनाकडे काय, तर जग? सद्‌गुण असा उघडावाघडा कसा ठेवायचा? चांदीच्या झारीने पाण्याला दारूच्या पंगतीत बसवलं. राष्ट्राध्यक्ष हेस यांच्या काळात, 1877 ते 1881, व्हाइट हाउसमध्ये मद्य मिळत नसे. तिथल्या मेजवान्यांत पाणी शँपेनसारखं वाहतं, हा टोमणा त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्याच्या नावावर सांगितला जातो. माणूस सोवळा झाला तरी त्याला वाहताना दिसलेलं आवडतं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पेले दोन, कधी सहा, पण पुष्कळ संचांत एकच. घरातल्या सगळ्यांनी त्याच पेल्याला तोंड लावून प्यायचं! आगगाडीत, शाळेत, चौकातल्या पिंपावर तर साखळीने बांधलेला एकच पेला असे. शेवटी जंतू नावाचा प्राणी आहे हे पटल्यावर 1909 मध्ये कॅन्सस राज्याने डॉक्टर क्रम्बाइनच्या आग्रहावरून सार्वजनिक ठिकाणचा असा सामाईक पेला बंद केला, आणि कागदी पेल्यांचे दिवस आले.

"वरून ओतून प्यायचं की," ही म्हणाली. "त्याला कायदा कशाला?"

मुद्दा बिनतोड होता. पण आपल्याकडे भांड्याला तोंड न लावण्यामागे आरोग्य कमी आणि जात जास्त होती, तेव्हा फार छाती फुगवण्यात अर्थ नाही. त्यांचा एक पेला सगळ्यांच्या ओठांना लागला म्हणून रोग पसरला. आपण एका तळ्याला सगळ्यांचे हात लागू दिले नाहीत, त्यासाठी 1927 मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. पाणी पाजण्याच्या बाबतीत कोणत्याच समाजाने स्वतःला प्रशस्तिपत्र देऊ नये हे बरं.

मेजावरच्या झारीची उरलीसुरली पत घालवली ती घरातल्याच फ्रीजने. बर्फ घरातच तयार होऊ लागला, ट्रेमधून खण्णकन निघू लागला, वाटेल त्याच्या पेल्यात पडू लागला. जी चीज सगळ्यांकडे झाली तिला मखर कोण घालणार? शिवाय चांदीचं एक दुखणं असतं. हवेतल्या गंधकाने ती काळी पडते. ती घासायला त्या बर्फाच्याच काळात मोलकरीण होती. ती कारखान्यात गेल्यावर मालकिणीला घासावी लागली, आणि त्याच आठवड्यात तिला झारी जुनाट वाटू लागली. मुलाम्याचा स्वभाव असा की प्रत्येक घासणीत तो थोडा थोडा निघतो. जितकी काळजी घ्यावी, तितकी लौकर ती उघडी पडते. आमच्या झारीच्याही पोटावर, जिथे पिढ्यान्‌पिढ्यांनी मन लावून घासलं होतं, तिथे चांदी जाऊन करडं कथील वर आलं होतं. अस्वल मात्र चकचकीत होतं. त्याच्या केसांत फडकं जात नाही.

'आमच्या झारीच्या' म्हणालो, कारण ती घेतली. त्याचं श्रेय त्या रिकाम्या जागेला. "एक पेला नाहीये म्हणावं," असं हिने लेकीकरवी दुकानदारीणबाईंना कळवलं. मग "कथील दिसतंय म्हणावं." मग "एवढी अवजड, गाडीत ठेवायचं पण कष्टच आहेत म्हणावं." मंडईत कमावलेली विद्या भाषांतरातही तितकीच चालते. दोन तृतीयांश किमतीत सौदा पटला. घरी आल्यावर हिने बॅगेतून पितांबरी काढली, तेव्हा लेक किंचाळली, "आई, उरलेली चांदी पण जाईल!" शेवटी ॲल्युमिनियमचा कागद आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी करून झारीचा काळेपणा उतरवला.

उद्‌घाटन जावयांच्या हस्ते झालं. त्यांनी आधी शिसं तपासायच्या पट्ट्या मागवून आतलं पांढरं अस्तर तपासलं, मग फ्रीजच्या दारातून बर्फ आणि पाणी भरलं, पेला धरला आणि झुकवली. काही येईना. आणखी झुकवली. काही येईना. चोचीत एक खडा अडकला होता. वामनाला दान देऊ नये म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोंडात जाऊन बसले होते, ते पुराणातच संपलं असं मी समजत होतो. हिने देव्हाऱ्यातली उदबत्तीची काडी आणून चोचीत घातली. पुराणातही दर्भाची काडीच घातली होती, त्यामुळे निकाल तोच लागला. खडा सुटला आणि पेला, वाटी, चौरंग, मेज आणि जावई या क्रमाने सगळे भिजले.

"म्हणूनच हे बंद पडलं," टिशूने शर्ट पुसत जावई म्हणाले. "प्रॅक्टिकल नाही. नुसता शो."

असं म्हणून त्यांनी आपला पाण्याचा मग उचलला. तुम्ही पाहिला असेल. सव्वा लिटरचा, स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, बाजूला मूठ, वर झाकण, झाकणात नळी, आत गळ्यापर्यंत बर्फ. लेकीचा तसाच, फिक्या गुलाबी रंगाचा. मोटारीत त्याला स्वतंत्र खोबण आहे, म्हणजे पुन्हा वेगळं मेज आलंच. एका रंगाचा घेतला की पुढच्या रंगाची वाट पाहायची. त्यावर नावही कोरून मिळतं. मी बारकाईने पाहिलं. स्टिम्पसनच्या दोन भिंतींमध्ये हवा होती. 1892 मध्ये जेम्स ड्यूअरने ती हवाच काढून टाकली, 1913 मध्ये विल्यम स्टॅन्लीने ती निर्वात बाटली काचेऐवजी पोलादाची केली. दीडशे वर्षांत प्रगती झाली ती एवढी, की मधली हवा गेली. बाकी सगळी हवा जशीच्या तशी.

फरक आणखी एक आहे. ती झारी घरात एक असायची आणि पाहुण्याला पाणी ओतायला असायची. हा मग माणशी एक असतो, आणि त्यातलं पाणी दुसऱ्याला कुणी देत नाही. मिरवायचं ते मिरवणं आता स्वयंसेवा पद्धतीने चालतं.

मग झारी पडून राहिली का? नाही. हॉटेलात बसताक्षणी 'नो आईस' असं ओरडून वेटरला दचकवणाऱ्या माझ्या बायकोच्या हातात ती पडली होती. ऑक्टोबर संपला, थंडी पडली. एका सकाळी ही म्हणाली, "काय हो, गार पाणी गार राहतं, तर गरम गरम राहील ना?" मी म्हटलं, "राहील की. मधल्या हवेला काय कळतंय, आत काय आहे." झालं. तेव्हापासून ती झारी स्वयंपाकघरात ओव्याच्या गरम पाण्यासाठी नेमलेली आहे. खडा नाही, शुक्राचार्य नाही, एका बोटाने झुकवली की बारीक धार. गुडघे दुखणाऱ्या बाईला याहून सोयीचं भांडं नाही असं तिचं म्हणणं. अस्वलाच्या पायांखालून वाफ येते, पण ते तोंड वर करून उभंच आहे. कथलाने आणि चांदीने मिळून दीडशे वर्षांत प्रथमच काही उपयोगाचं काम केलं.

परवा शेजारच्या वृद्ध अमेरिकन बाई आल्या होत्या. झारी पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या आजीकडे अशीच होती म्हणे, आजी तिच्यात कागदाची फुलं ठेवायची. हिने अभिमानाने पेला पुढे केला, झारी झुकवली, पाणी दिलं. बाईंनी एक घोट घेतला. अस्वलाकडे पाहिलं. वाफेकडे पाहिलं. मग फार आर्जवाने लेकीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" हिने विचारलं.

"यात थोडा बर्फ मिळेल का, विचारतायत."

"फ्रीजच्या दारात आहे म्हणावं," ही म्हणाली, "आणि घसा धरला तर आम्हाला सांगू नका म्हणावं. पेपरात आलेलं आहे."